घरातला कापूस

हंगामात आमच्या गावात कापूस नाही असं घर सापडत नाही. ओसरीत कापूस, खाटेखाली कापूस, मुलांच्या दप्तरावरही कापूस. कुणाला लागलं की ढिगातून चिमूटभर काढायचा आणि जखमेवर दाबायचा, हे आम्ही सगळेच करत आलो.

मी शाळेतून निवृत्त झाले, पण गावातल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी लहान मुलांना शिकवते. अकरावीतली अपेक्षा मदतीला येते. त्या दिवशी भिंगातून मुंगी पाहायची होती. अपेक्षानं भिंग पुढे धरलं आणि तिच्या बाहीतून कापसाचा पुंजका डोकावला.

"ताई, बाहीत गादी भरून राह्यल्या काय?" छोटी दीपा म्हणाली.

सगळी मुलं हसली. अपेक्षाही हसली, पण तिचा हात पाठीमागे गेला.

मुलं गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं, पाण्याचा पेला दिला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळानं तिनं बाही वर केली. कापूस जखमेत रुतून वाळला होता. भोवतालची कातडी लाल, सुजलेली, हाताला गरम लागत होती. अंगातही ताप होता. मान खाली घालून तिनं सांगितलं की जखम तिनं स्वतःच करून घेतली होती. मनात फार दाटून आलं होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. नंतर ती कापूस ओढून काढू पाहायची आणि पुन्हा रक्त यायचं.

आता ओढू नकोस, असं म्हणून मी धुतलेलं फडकं सैलसर गुंडाळलं. अजूनही तसं मनात येतं का, हे सरळच विचारलं. कधी कधी येतं, ती म्हणाली. मी दवाखान्याचं नाव काढताच ती उठून उभी राहिली. पोलीस येतील, गावभर होईल, बाबा शिक्षण बंद करतील. त्यापेक्षा हळद लावून पाहते, म्हणाली.

"आजी, तुम्ही कोनाले सांगसान नाही ना?"

"तसं वचन मी तुले देत नाही, बाई. पन तुले एकटीले सांगा लागनार नाही. मी बाजूले बसीन."

ती पुष्कळ वेळ चपलांकडे बघत राहिली. मग तिनं त्या पायात घातल्या.

वाटेत तिच्या आईला, उर्वशीला, सोबत घेतलं. ऐकताना उर्वशीनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला तो जीपमधून दिग्रसच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत काढलाच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोंद करावी लागते, पण इथं कुणी तुला गुन्हेगार समजत नाही. आधी जखम, मग बोलू. नर्सनं सलाईनचं पाणी थेंबाथेंबानं सोडलं. कापूस भिजला, फुगला आणि हळूहळू आपणहून सुटत गेला. खाली पू होता. तो साफ झाल्यावर कडेला एक गुलाबी रेघ दिसली, दुधावरच्या कोवळ्या सायीसारखी.

"ही नवीन कातडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अपेक्षा वाकून पाहू लागली. "मी तं यासाठी काहीच केलं नाही," ती हळूच म्हणाली. "मी तं उलट..."

इतकी वर्षं मी फळ्यावर कातडीचे थर काढले, नावं पाठ करून घेतली. पण एक पोर स्वतःवर रुसलेली असताना, घाणेरड्या कापसाखाली, तापात, तिचंच शरीर न थकता तिच्यासाठी कातडी विणत होतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. माझे हात आपोआप जोडले गेले.

इंजेक्शन झालं, गोळ्या मिळाल्या. मनाच्या डॉक्टरांकडे यवतमाळला जायचं ठरलं. उर्वशी तिला दर वेळी घेऊन जाते. घरी ऐकल्यावर बाबा फार काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला मात्र बसस्टँडवर तेच आधी जाऊन उभे होते. कॉलेजही सुरूच आहे. सगळे दिवस सारखे नसतात. वाईट दिवशी ती सरळ माझ्याकडे येऊन बसते.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी तिनं विहारात भिंग मागून घेतलं. खिडकीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, ती आपला हात पाहत राहिली. कितीतरी वेळ.

"ताई, भिंग द्या न," दीपा वैतागून म्हणाली. "मायी मुंगी चालली."