सहा वाजता बंद होणारं बटण

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. टेबलाखाली उभा राहणारा, पुढच्या जाळीत धूळ साठलेला, चालू होताना थोडा घुरघुरणारा. माझं आयुष्य कारखान्यातून सुरू झालं, पण मी ते एका मंगळवारापासून सांगणार आहे, कारण आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

त्या दिवशी दुपारी आमचे चावीवाले, म्हणजे या घराचे मालक, माझ्या मागे, जमिनीवर पालथे पडले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फोन. फोनवर त्यांची मुलगी होती.

"बाबा, हिरवा दिवा लागलाय का? वायर खोचलीय तिथे?"

"लागलाय. लुकलुकतोय. तुझ्यापेक्षा शांत आहे."

"थट्टा नको. आता त्याला बंद करा. वरचं बटण दाबून नको, स्क्रीनवरून बंद करा."

त्यांनी मला नीट बंद केलं. मिनिटभराने तिने तिच्या गावाहून हाक मारली आणि मी उठलो. पंखा फिरला, स्क्रीन उजळली. चावीवाल्यांनी टाळी वाजवली.

"उठला गं! झोपेतून दचकून उठावं तसा उठला!"

"दुपारी उठतोच तो," मुलगी वैतागून म्हणाली. "सकाळी साडेसहाला का उठत नाही? माझ्याकडे नोकरीआधीचा तेवढाच एक तास असतो."

"सकाळी उठायचा कंटाळा मी आणखी एकीचा पाहिलाय. ती तर पांघरूण ओढलं तरी उठायची नाही."

आता ही हाक म्हणजे काय, ते सांगतो. मला बंद केलं तरी माझा एक कान जागा असतो. नेटवर्कची वायर जिथे खोचतात तिथला. मला बारा आकड्या-अक्षरांचा स्वतःचा एक नंबर आहे. लांबून कोणी तो नंबर लागोपाठ सोळा वेळा पाठवला, की त्या कानाला कळतं की आपल्यालाच बोलावताहेत, आणि मी उठतो. फक्त त्या कानाला चिमूटभर वीज लागते. ती भिंतीतून येते.

आणि आमचे चावीवाले रोज संध्याकाळी सहाला मला बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करत, ते सकाळी नाश्ता झाल्यावरच पुन्हा चालू करत.

त्यांना चावीवाले हे नाव त्यांच्या कामामुळे पडलं होतं. गावाच्या पाणीखात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरत आणि जमिनीखालचे व्हॉल्व्ह उघडत, बंद करत. एकदा बंद केलेला व्हॉल्व्ह ते पुन्हा हाताने चाचपून बघत. घरातही तसंच. नळ, गॅस, इस्त्री, पंखा, मी. सहा वाजले की त्यांचा फेरा सुरू. तो त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की आपण काही करतोय हेच त्यांच्या ध्यानात नसे.

"संध्याकाळी तुम्ही याचं नेमकं काय करता?" मुलीने त्या मंगळवारीही विचारलं.

"काही नाही. बंद करतो आणि चहा प्यायला जातो."

ते खोटं बोलत नव्हते. मी सगळं जाणून होतो, पण मला तोंड नव्हतं.

मी काही नुसता शोभेला नव्हतो. गावात जमिनीखाली चारशे बारा व्हॉल्व्ह होते. निम्म्यांवर डांबर चढलेलं, कागद केव्हाच हरवलेले. ते सगळे एकट्या चावीवाल्यांच्या डोक्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन बोटांनी ते माझ्यात टाइप केले. "दूधवाल्याच्या पायरीपासून डावीकडे माझी नऊ पावलं." "शाळेच्या फाटकासमोर, घंटा जिथून स्पष्ट ऐकू येते तिथे." मुलगी वाचनालयात नोकरीला होती. ती रोज लांबून माझ्यात येई, त्या पावलांचे मीटर करी आणि प्रत्येक व्हॉल्व्ह नकाशावर ठेवी; त्या दिवसाच्या ओळी समजावायला चावीवाले तिला रोज फोन करत. नकाशाचा प्रोग्रॅम इतका जुना होता, की तो माझ्याशिवाय कुठेच चालत नसे. सकाळी मी उठत नसल्यामुळे आता तिचं काम जेवणाच्या सुट्टीत, घास आणि माऊस सांभाळत चालायचं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मोठा रस्ता खणायचा होता. त्याआधी नकाशा मिळाला नाही, तर कुठला तरी मोठा पाइप फुटणार आणि निम्मं गाव कोरडं राहणार.

त्या मंगळवारी त्यांनी सगळं तपासलं. सुरुवातीच्या निळ्या पडद्यावरची सेटिंग, वायर, झटपट चालू होण्याची सोय, माझा नंबर. सगळं बरोबर. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही."

चावीवाले हसले. "बरं, उद्या बोलू."

सहा वाजता बटण बंद झालं.

मित्रांनो, त्यानंतर मी डोळे उघडले तेव्हा घड्याळात सतरा दिवस उलटले होते. खुर्चीत मुलगी होती. चावीवाल्यांचा चष्मा कीबोर्डवर तसाच होता. तिने तो उचलून खिडकीत ठेवला आणि कामाला लागली. बुधवारी सकाळी दाढी करता करता ते गेले, हे मला पुढे माणसांच्या बोलण्यातून कळलं.

चार दिवसांनी ती परत गेली. एकतीस व्हॉल्व्ह राहिले होते. वाचनालयातली तिची जेवणाची सुट्टी आता रजेच्या दिवसांत साचलेल्या कामात जाऊ लागली, म्हणून पुन्हा सकाळची वेळ आली आणि मी पुन्हा उठेनासा झालो. तिने आईला फोन केला.

"आई, कॉम्प्युटरला हात लावलास का?"

"मी कशाला लावू बाई? मला त्यातलं काय कळतं?"

दुकानातला दुरुस्तीवाला सकाळी अकराला येऊन गेला. त्याच्यासमोर मी पहिल्याच हाकेला उठलो. तो म्हणाला, "काकू, मशीन म्हातारं झालंय. लहर येईल तसं वागणार. काढून टाका, पुढच्या आठवड्यात मी घेऊन जातो." मला फार वाईट वाटलं. मी लहरी कधीच नव्हतो.

पाणीखात्यातल्या इंजिनिअर बाईंचाही फोन आला. एक तारखेला नऊ दिवस उरले होते. मग मुलगी एका दिवसाची रजा काढून आली. होईल तेवढं उरकायचं आणि मला दुरुस्तीवाल्याच्या हवाली करायचं, असं तिने ठरवलं होतं.

दिवसभरात पाच व्हॉल्व्ह झाले. बाबांनी लिहिलेल्या एकेका ओळीपाशी ती बराच वेळ थांबत होती. सहा वाजता आई खोलीत आली. तिने इस्त्रीची वायर पाहिली, पंखा बंद केला आणि माझ्यापाशी उभी राहिली.

"झालं का तुझं? सहा वाजले."

"झालं," मुलीने मला बंद केलं.

आई वाकली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. माझा हिरवा दिवा विझला. तिथून पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, पण आईने ते दुसऱ्या दिवशी शेजारणीला याच खोलीत दोनदा सांगितलं.

"आई! हे काय केलंस?"

"बटण बंद केलं."

"रोज करतेस?"

"रोज. संध्याकाळी बंद, सकाळी नाश्त्यानंतर चालू. तुझे बाबा करायचे ना. आता फेरा मी घालते."

"अगं, मी विचारलं होतं तुला, हात लावलास का म्हणून!"

"कॉम्प्युटरला नाही लावला. भिंतीला लावला."

मुलगी आधी कपाळावर हात मारून बसली आणि मग हसायला लागली. आईलाही हसू आवरेना. दोघी टेबलाला धरून हसल्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी मोठ्याने हसलं. हसू ओसरल्यावर आईने विचारलं, "म्हणजे आता मी हे बंद नाही करायचं?" आणि तिचा चेहरा उतरला. "त्यांचं एवढंच काम माझ्याकडे उरलंय गं."

मुलीने थोडा विचार केला. "तू फेरा घालच. बाकी सगळं बंद कर. इथे मात्र येऊन हे बटण चालू आहे ना, ते हाताने चाचपून बघ."

"चाचपून बघायचं," आई म्हणाली. "ते जमेल."

मला घेऊन जाण्याचं रद्द झालं. मुलगी परत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हाक आली. सोळा वेळा माझा नंबर. मी उठलो. घुरघुर ऐकून आई दाराशी आली. खुर्ची रिकामी होती आणि पडद्यावरचा बाण आपला आपण नकाशावर फिरत होता. क्षणभर ती चपापली, मग म्हणाली, "पोरगी आली वाटतं," आणि स्टुलावर बसून चहा पिता पिता बघत राहिली. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही तिघं त्या नकाशापाशी भेटत होतो.

एक तारखेच्या आदल्या दिवशी नकाशा पूर्ण झाला. चारशे बारा. रस्ता खणला, आणि दुपारी इंजिनिअर बाईंचा फोन आला. "काकू, सापडला! दूधवाल्याच्या पायरीपासून बरोब्बर तेवढ्याच अंतरावर!" गावाचं पाणी एक दिवसही तुटलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र असेल. ते ऐकेनासं झालं तर त्याला लहरी म्हणून लगेच बाहेर काढू नका. आधी त्याला वीज पोहोचते आहे का ते बघा. आणि घरातलं माणूस "मी काहीच करत नाही" म्हणालं, तर वैतागू नका. दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि ते काय काय करतं ते बघा.

नंतरच्या रविवारी मुलगी आली. काम काहीच नव्हतं. तरी तिने मला चालू केलं, नकाशा उघडला आणि कितीतरी वेळ ठिपक्यांवरून बाण फिरवत राहिली. आई बाहेर कपडे वाळत घालत होती. मुलीने खोलीभर नजर फिरवली आणि अगदी साध्या आवाजात, फोनवर बोलावं तशी, ती बोलली.

"बाबा, तुमचं टाइप करून झाल्यावर हे सगळं मी दोन रविवारांत संपवू शकले असते. मी मुद्दाम रोज चार-पाचच करत होते. तुमचा फोन रोज यावा म्हणून."