जुन्या पट्टीची खालची कड

लेकाने सुतार पाठवला तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली. एरवी नळ गळतो म्हणून चार महिने कानीकपाळी ओरडावं तेव्हा कुठे हलणारा हा मुलगा, आणि भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी पट्ट्या वाळवीने खाल्ल्या म्हणताच दुसऱ्या दिवशी माणूस धाडतो? गेल्याच महिन्यात तो याच खोलीत उभा राहून म्हणाला होता, "आई, घर खचतंय. आता आवर आणि माझ्याकडे ये." काकूंना कुठेही जायचं नव्हतं. याच खोलीत मशीन टाकून त्यांनी चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. घर नवऱ्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, आणि जमीन आरशासारखी सपाट आहे असं तो मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

मिस्त्री मोजकं बोलणारा निघाला, हे तर आणखीच वाईट. जमिनीवर पाणसळ ठेवायची, तिच्यातला बुडबुडा डोळे बारीक करून बघायचा, "हं" म्हणायचं आणि जमीन कुठे किती खाली आहे त्याचे आकडे भिंतीवर हातहातभर अंतराने पेन्सिलीने टाकायचे. एक सूत, दोन सूत, तीन सूत. हा पट्ट्या बसवायला आलाय की पंचनामा करायला, काकूंना कळेना. त्यातच काढून ठेवलेल्या एका लांब पट्टीची खालची कड त्यांना दिसली. पार नागमोडी. जमीन खचली तशी पट्टी वाकली असणार, म्हणजे हा तर पुरावाच. मिस्त्रीची पाठ वळताच त्यांनी ती पलंगाखाली सरकवली.

दुपारी मिस्त्री डबा खायला बाहेर बसला. काकू खोडरबर घेऊन भिंतीशी बसल्या. दुसऱ्याने केलेल्या खुणेला हात लावायचा नाही, हे शिवणकामात त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. आज ते मोडलं. सगळे आकडे पुसून त्यांनी मिस्त्रीच्याच वळणात सगळीकडे एक सूत लिहून ठेवलं.

मिस्त्रीने त्या आकड्यांबरहुकूम नवी पट्टी कापली आणि बसवली. मधोमध पट्टीखाली पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग काकूंच्या काळ्या झालेल्या बोटांकडे.

"काकू, हे लिहिलेलं माझं नाही."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माघार घेतील तर त्या काकू कसल्या. "मुलाने तुम्हाला काय बघायला पाठवलंय, ते आधी सांगा."

"घर किती खचलंय ते कळवा म्हणाले." मिस्त्रीने आडपडदा ठेवला नाही. "आणि मी खोटं सांगणार नाही. जुनी लांब पट्टी मिळाली असती तर नक्की सांगता आलं असतं, पण ती कुठे दिसत नाही."

"ती कशाला?"

"जमिनीचा चढउतार पट्टीच्या खालच्या कडेवर उतरवून घेतात आणि तशीच कापतात. बांधलं तेव्हा जमीन कशी होती, ते त्या कडेवर आहे."

काकू पलंगाखाली वाकल्या.

मिस्त्रीने जुनी पट्टी तिच्या जागी उभी केली आणि खालून कागद सारून पाहिला. कुठेच जाईना. चाळीस वर्षांत जमीन सूतभरही हलली नव्हती; ती पहिल्या दिवसापासूनच वाकडी होती. नवरा पक्का थापाड्या निघाला, आणि काकूंना रागाऐवजी हसूच आलं. त्यांनी तरी गिऱ्हाइकांचे उतरते खांदे आतून कापूस भरूनच सरळ केले होते.

मिस्त्रीने त्यांच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. "घर खचलेलं नाही, साहेब. जमीन मुळातच वाकडी आहे. घर तुम्हाआम्हाला पुरून उरेल."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला. लेकाला हायसं वाटलं की त्याचा हिरमोड झाला, काकूंना ओळखता येईना, आणि येईना याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

"बरं," लेक म्हणाला. "पण मी विचारलं होतं हे आईला कळू देऊ नका. ती उगाच संशय घेते."

मिस्त्रीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली.

"नाही कळू देत," मिस्त्री म्हणाला. तोवर काकूंनी जुनी पट्टी नव्या लाकडावर ठेवली होती, आणि कापड बेतावं तशी तिची कड पेन्सिलीने उतरवायला सुरुवात केली होती.