शेऱ्यातला एक शब्द

"आपण डोळे फोडून टेप बघायची, आणि बाईंनी नुसता हात फिरवून पाकीट पास करायचं," धाकटी नर्स कपाटाआड स्वतःशीच पुटपुटली. कपाट पत्र्याचं, पलीकडे बाईंना शब्दन् शब्द ऐकू आला.

सव्वीस वर्षं बाई इस्पितळातली ऑपरेशनची हत्यारं पाकिटांत बांधून वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करत होत्या. पाकिटावरच्या टेपच्या फिकट रेघा वाफेनं काळ्या पडल्या की पाकीट चांगलं. बाईंना ते उबेवरूनच कळायचं. गेल्या महिन्यात मात्र फिकट रेघांचं एक पाकीट थेट ऑपरेशनच्या टेबलाशी पोचलं. डॉक्टरांचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. पण दुसरं येईपर्यंत पेशंट भूल दिलेला तसाच पडून राहिला. मशीननं दगा दिला, असं सगळे म्हणाले. बाईही म्हणाल्या.

आज वार्षिक शेरा हातात पडला. त्यात एकच शब्द अडला: कम्प्लेसंट.

"म्हणजे काय गं?"

"समाधानी, बाई," धाकटी टेपच्या रिळाकडे बघत म्हणाली.

घरी लेक होती, शाळेत इंग्रजी शिकवणारी. ती म्हणाली, "आत्मसंतुष्ट."

"मग चांगलंच की. दुसऱ्याच्या जिवावर तर संतुष्ट नाही ना मी?"

लेक हसली नाही.

"वाक्यात घालून दाखव. पोरांना दाखवतेस तसं."

लेकीनं घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. "रस्ता पाठ झाला म्हणून ड्रायव्हर समोर बघेनासा होतो. अशा माणसाला म्हणतात."

"आता मला घालून सांग."

"आई, आधी जेवून घे."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक तिसऱ्यांदा आला. मशीन उघडलं, बंद केलं, हात पुसले.

"बाई, खोट काही सापडेना. पण तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. व्हॉल्व्ह बिघडला होता असं लिहितो. तुम्ही सही करा, विषय संपला."

सही केली की निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं याच खोलीत सरळ निघाली असती. नाहीतर चौकशी, आणि मग कुठल्यातरी खिडकीमागे चिठ्ठ्या फाडत बसणं. धाकटीचे हात थांबले होते.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"व्हॉल्व्हला कशाला बदनाम करता? ते पाकीट मशीनमध्ये गेलंच नव्हतं. आदल्या खेपेच्या गरम पाकिटांना चिकटून होतं, म्हणून उबदार लागलं. टेप मी बघितलीच नाही."