उजेडातलं बेणं

काबालेच्या डोंगरावर बटाट्याचं बेणं अंधारातच ठेवायचं, हे क्योमुहांगीच्या सासूने तिच्या सासूकडून ऐकलेलं. म्हणून शेतकरी गटाच्या बाई निम्मं बेणं फळ्यांवर, उजेडात ठेवून पाहा म्हणाल्या, तेव्हा म्हातारी चार दिवस धुसफुसत होती. "पोटातल्या पोराला कुणी उन्हात काढतं का गं?"

शेवटी निम्मं पोतं म्हातारीच्या खाटेखाली गेलं, निम्मं परसातल्या छपरात बांबूच्या मांडणीवर. लागवडीच्या तोंडावर बाई येऊन दोन्ही पाहणार होत्या. पण क्योमुहांगीला खरा घोर वेगळाच होता: यंदा आठही वाफे लावायचे, तर दोन्हीकडचं मिळून जेमतेम पुरलं असतं.

रोज सकाळी ती बटाटे उलटवी, सडका निघाला की फेकी. पाठ भरून येई. महिन्या-दोन महिन्यांत खाटेखालच्याला लांब पांढरे कोंब फुटले, हात लावला की मोडणारे. मांडणीवरचे हिरवे पडले, कोंब आखूड, जांभळे, टणक.

तेवढ्यात शेजारचे काबुरा गेले. चाळीस वर्षं ख्रिस्ती देवळात प्रवचन गाऊन सांगणारा माणूस. त्यांनी ओळ उचलली की मागचे बाकही गायला लागत. पाच डोंगरांवरून माणसं दुखवट्याला आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा घेवडा संपला, ज्वारीची आंबील संपली. त्यांच्या दारातून कुणी उपाशी जायचं नाही, हा सगळ्या डोंगराचा मान.

म्हातारीने खाटेखालचं पोतं ओढलं. कोंब खुडले, सालं काढायला बसली. क्योमुहांगी दारात उभी राहिली. चार वाफे पातेल्यात चालले होते. नाही म्हणायची ताकद अंगात नव्हती, आणि काबुरांच्या नावाने नाही म्हणवतही नव्हतं. तिनेही सुरी घेतली.

तिसऱ्या दिवशी आणखी माणसं. म्हातारी टोपली घेऊन परसाकडे निघाली. क्योमुहांगी आडवी आली.

"आई, हे नको. हिरवे आहेत, पोटाला सोसायचे नाहीत. माणसं आजारी पडतील."

"तुझं मन आजारी पडेल, ते सांग."

म्हातारीने एक उचलला, दातांनी कुरतडला आणि कडू लागताच थुंकून टाकला. बराच वेळ तोंड पुसत राहिली.

"देवानं तुला चिक्कू केलं नाही पोरी, तुझ्या बटाट्यांना केलंय."

मग शेजारणी केळी घेऊन आल्या आणि तो दिवस निभावला.

बाई आल्या तेव्हा पाहायला एकच रास होती. दुसरी कुठे, त्यांनी विचारलं. काबुरांच्या माणसांनी खाल्ली, असं क्योमुहांगीने सांगितलं. बाईंनी वही मिटली आणि दुखवट्याचं विचारलं.

चारच वाफे लागले. वरचे चार मोकळे पडून राहिले, तिकडे बघवेना. काम संपवून ती बांधावर टेकली, पायांवरची माती पुसायचंही त्राण नव्हतं. म्हातारी काठी टेकत वर आली, शेजारी बसली.

"पुढच्या खेपेला मांडणी वाढव," ती म्हणाली. "सगळं बेणं तिथेच ठेव. तिथलं कुणाच्या पातेल्यात जात नाही."

"आणि पुन्हा कुणी गेलं तर?"

म्हातारीने खालच्या वाटेकडे पाहिलं. "तर एक पोतं माझ्या खाटेखाली राहू दे. बेण्याचं नाही, खाण्याचं."

क्योमुहांगी हसली. उठायला मात्र थोडा वेळ लागला.