चांदबीच्या गाण्यांची सीडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाजनीन मैंदर्गीला गेली तेव्हा तिच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, चांदबीनं, दारात बसून लग्नातली हळदीची गाणी म्हटली. दखनीतली ती जुनी गाणी आता फुफीशिवाय कुणाला पुरती येत नव्हती. नाजनीननं मोबाईल तिच्या मांडीजवळ ठेवून सगळी रेकॉर्ड केली आणि निघताना म्हणाली, "फुफी, गौसच्या मोबाईलवर पाठवून देते. वाटेल तेव्हा ऐका."

गौस म्हणजे चांदबीचा मुलगा. तो अक्कलकोटच्या बाजूला जीप चालवायचा, त्यामुळं त्याचा मोबाईल दिवसभर त्याच्यासंगं गावोगाव फिरायचा.

"त्याचा मोबाईल, त्याची मर्जी," चांदबी म्हणाली. "मला नक्को. सीडीवर दे, माझी मी लावते."

तिचंही बरोबर होतं. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं दिसायचं, पण मोबाईलच्या काचेवर काय उमटलंय ते कळायचं नाही. टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरची बटणं मात्र तिच्या बोटांना पाठ होती. नवरा, पीरसाब, हयात असताना त्यानं तो प्लेअर आणला होता. बटण दाबलं की कप्पा बाहेर येतो, त्यात सीडी ठेवायची, हातानं जरा ढकलायचं, झालं. पीरसाबच्या कव्वालीच्या सीड्या ती अजून त्याच्यावर लावायची.

"देते की," नाजनीन म्हणाली. एसटी अक्कलकोटच्या पुढं आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपल्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही.

नाजनीन सोलापुरात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे, आणि घरचे त्याला वैतागलेले असत. शाळा सुरू झाल्यावर तिनं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुबोध सरांना गाठलं.

"मॅडम, आता सीडी कोण करतं? पेनड्राइव्ह द्या," सुबोध सर म्हणाले.

"त्या प्लेअरला पेनड्राइव्हची जागा नाही."

"मग बाहेरून जोडायचा सीडी रायटर घ्या. पण बघून घ्या हं, सगळेच सगळ्या लॅपटॉपला चालत नाहीत."

"बघून म्हणजे काय काय बघू?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि सुबोध सर वर्गावर गेले. प्रश्न नाजनीनकडंच राहिला, आणि तो तिला आवडला. घरी आल्यावर तिनं लॅपटॉप उलटापालटा करून बघितला. कडेला दोन बारीक लांबट भोकं होती, टाइप-सीची. रुंद यूएसबीचं भोक एकही नव्हतं. चार्जर, प्रोजेक्टर, माउस, सगळं तिथूनच चालायचं, त्यासाठी तिनं एक हब घेतलेला होता, एका शेपटाला चार तोंडं असलेला.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती लॅपटॉप घेऊनच नवी पेठेत नंदूच्या दुकानात गेली. नंदूकडं कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचे. रायटर म्हटल्यावर तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून तीन खोकी काढून त्यानं फडक्यानं पुसली.

"घ्या मॅडम. कुठलाबी घ्या, चालतंय की."

पहिला जाडजूड होता, त्याला वीज घ्यायला स्वतःची वेगळी वायर होती. तो मैंदर्गीला न्यायचा म्हटलं तर पिशवी त्याच्यानंच भरली असती. दुसरा पातळ आणि देखणा, आणि त्याची वायर थेट टाइप-सीची. नाजनीन तोच उचलणार होती. पण खोक्यावरची बारीक अक्षरं वाचता वाचता ती थांबली.

"नंदूभाऊ, ह्याच्यावर सीडी वाचतो एवढंच लिहिलंय. लिहितो असं कुठं लिहिलंय?"

नंदूनं खोकं हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला. "व्हय की. ह्यो नुसता वाचणारा हाय. दिसायला दोघं सारखेच, त्यामुळं माझ्याबी ध्यानात न्हाई आलं."

तिसऱ्यावर दोन्ही लिहिलं होतं, सीडी आणि डीव्हीडी, वाचणं आणि लिहिणं. त्याची वायर रुंद यूएसबीची होती आणि अंगालाच चिकटलेली, काढता न येणारी. नाजनीननं पिशवीतून हब काढला, रायटर त्याला लावला, हब लॅपटॉपला. हिरवा दिवा लागला. नंदूनं गल्ल्याशेजारची एक जुनी सीडी आत ढकलली आणि कन्नड भजन सुरू झालं.

"बघा, वाचतंय बी आणि लिवतंय बी," नंदू म्हणाला. नाजनीननं तो घेतला, आणि कोऱ्या सीड्यांचा एक डबाही.

घरी मात्र तो लिहीना. सीडी फिरायला लागायची, आवाज चढायचा, आणि मग आतून टक टक असं काहीतरी होऊन हिरवा दिवा विझायचा. लॅपटॉप म्हणायचा, उपकरण सापडत नाही. एक सीडी वाया गेली, मग दुसरी. तिसरी घालण्याआधी नाजनीननं हात आवरला आणि चहा ठेवला. नंदूला फोन लावावा असं एकदा मनात आलं. पण लावला असता तर त्यानं बदलून दिला असता, आणि का चाललं नाही ते कधीच कळलं नसतं.

वाचताना चालतो. लिहिताना बंद पडतो. दोन्हींत फरक काय? सीडीच्या पोटात रंगाचा पातळ थर असतो. वाचताना त्याच्यावर नुसता उजेड पडला तरी पुरतं. लिहिताना तोच उजेड इतका कडक करावा लागतो की रंग तापून त्याच्यावर डाग उठतात. म्हणजे लिहायला वीज जास्त लागणार. आणि ही वीज येते कुठून? लॅपटॉपमधून, हबमधून. त्याच हबला माउस लावलेला, पेनड्राइव्ह लावलेला. सगळे एकाच ताटात जेवायला बसलेले.

तिनं माउस काढला, पेनड्राइव्ह काढला. या वेळी रायटर जरा जास्त वेळ टिकला, पण शेवटी विझलाच. तरी नाजनीनला आनंद झाला, कारण विचार बरोबर दिशेनं चालला होता. दुसऱ्या दिवशी तिनं बोटाच्या पेराएवढा एक साधा कन्व्हर्टर आणला, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला टाइप-सी. हब बाजूला ठेवला आणि रायटर थेट लॅपटॉपला जोडला.

लिहिण्याआधी लॅपटॉपनं विचारलं, ही सीडी पेनड्राइव्हसारखी वापरायची आहे की प्लेअरमध्ये? पेनड्राइव्हसारखी असली तर पुढं आणखी गाणी घालता येतील असं वाटून तिनं पहिलं निवडलं. सीडी फिरली, आवाज चढला, दिवा विझला नाही. कप्पा उघडला तेव्हा तिनं सीडी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. मधल्या भोकाभोवती एक काळपट कडं उमटलं होतं, बाहेरची जागा अजून कोरी, चकचकीत. फुफीचा आवाज असा दिसतो तर, असं तिला वाटलं. लॅपटॉपवर लावून बघितली, छान वाजत होती.

पुढच्या रविवारी ती मैंदर्गीला गेली. लॅपटॉप, रायटर आणि कोऱ्या सीड्यांचा डबाही संगं घेतला, फुफीला दाखवायला. चांदबीनं चहाही घेऊ दिला नाही. सीडी हातात घेतली, कडेनं बोट फिरवलं, प्लेअरमध्ये ठेवली, ढकलली. प्लेअर बराच वेळ घरघरत राहिला. मग टीव्हीवर अक्षरं आली: नो डिस्क.

"काय म्हणतंय?" चांदबीनं विचारलं.

"म्हणतंय, आत काहीच नाही."

"तू गाणी घातली न्हाईस काय?"

नाजनीन ओशाळली. मग तिला लॅपटॉपनं विचारलेला तो प्रश्न आठवला. ती पुढं सरकून म्हणाली, "फुफी, पीरसाब फुफांच्या सीड्यांतली एक द्या बघू." तिनं ती कव्वालीची सीडी रायटरमध्ये घालून बघितली. आपल्या सीडीवर मोबाईलमधल्या जशाच्या तशा फायली होत्या. हिच्यावर तसं काही नव्हतं, नुसती गाणी ओळीनं, पहिलं, दुसरं, तिसरं. या प्लेअरला फक्त अशीच सीडी कळत असणार.

"फुफी, मी त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिलंय," ती म्हणाली.

"मग कळंल असं लिव्ह की. हितंच लिव्ह. मला बघायचंय."

नाजनीननं चटईवर लॅपटॉप उघडला, कोरी सीडी घातली, गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन ऑडिओ सीडी निवडली आणि वेग सगळ्यात कमी ठेवला. चांदबी रायटरच्या अगदी जवळ येऊन बसली. तिनं त्याच्या झाकणावर तळहात ठेवला.

"गरम लागतंया," ती म्हणाली. "आत काय जळतंय काय?"

"थोडंसं. तसंच लिहितात त्याच्यावर."

"आन् लेखणी कुटं हाय?"

"उजेडाची आहे. दिसत नाही."

चांदबीनं मान हलवली, पण हात काढला नाही. कप्पा बाहेर आला तेव्हा सीडी तिनंच उचलली, आणि प्लेअरपाशी जाऊन नेहमीसारखी ठेवली, ढकलली. जरा घरघर झाली. मग टीव्हीतून चांदबीचा आवाज आला.

नाजनीन तिच्याकडं बघत राहिली. फुफी हसेल, डोळ्याला पदर लावेल, असं काहीतरी तिला वाटलं होतं. चांदबी मान तिरकी करून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती, दुसऱ्या कुणाचं गाणं तपासावं तशी. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात तिनं बटण दाबून प्लेअर थांबवला.

"हितं मी एक कडवं गाळलंया. नवरीच्या मामाचं. ते पुसून नीट घाल."

"फुफी, ह्या सीडीवरचं पुसता येत नाही. एकदा लिहिलं की राहिलं."

"मग दुसरी घे. हायत न्हवं तुझ्याकडं? मी पुन्ना म्हणते."

तिनं घसा खाकरला आणि टीव्हीसमोरच मांडी घातली. नाजनीननं मोबाईल पुढं ठेवला. या वेळी चांदबी सावकाश गात होती, कडव्याच्या शेवटी थांबत होती, आणि नवरीच्या मामाचं कडवं आलं तेव्हा तिनं बोटानं नाजनीनला खूण केली. ते कडवं नाजनीननं आजवर कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नातही ते राहूनच गेलेलं असणार.

आवाज ऐकून शेजारची चंद्रव्वा दारात आली. ती आणि चांदबी एका बोळात म्हाताऱ्या झालेल्या. चंद्रव्वानं चौकटीला टेकून गाणं संपेपर्यंत ऐकलं, मग चटईवरच्या रायटरकडं बघितलं.

"हे काय गं?"

"गाणं लिवणारं यंत्र," चांदबी म्हणाली. "उजेडानं लिवतंया."

"एका सीडीत किती बसत्यात?"

चांदबीनं नाजनीनकडं बघितलं. "तासाभराच्या वर बसतात," नाजनीन म्हणाली.

चंद्रव्वा आत येऊन बसली. तिनं रायटरला हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. "आमची कन्नडातली बसत्याल काय त्यात? बाळंतपणाची, पाळण्याची?"

"बसतील की, चंद्रव्वा. त्याला कुठलीही भाषा चालते."

"मघाशी तर म्हणालीस त्याला भाषा कळत न्हाई म्हणून," चांदबीनं विचारलं.

नाजनीन ते समजावून सांगू लागली, पण दोघींचं तिकडं लक्ष नव्हतं. आधी कुणी म्हणायचं आणि कुठलं, हे त्या ठरवत होत्या. चांदबी म्हणत होती पाळण्याचं आधी, चंद्रव्वा म्हणत होती ते मला अर्धंच येतंया, ईरम्माला बोलवायला पायजे. शेवटी चंद्रव्वाच ईरम्माला आणायला उठली. नाजनीननं मोबाईल चार्जिंगला लावला, आणि कोऱ्या सीड्या किती उरल्यात ते मोजायला डबा उघडला.