ऐनाचा ओटा

आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, कंबरडं मोडलं. जीभ मात्र शाबूत राहिली. आधी त्या दारात बसून अख्ख्या सणसरला शिव्या घालायच्या, त्यामुळं माझ्या वाट्याला चिमूटभरच यायच्या. आता दारापुढं काळ्या मातीचा राडा, त्यात काठी रुतते. म्हणून त्या घरात, आणि गावाच्या वाटणीच्या शिव्याही मला एकटीला. मला ओटा हवा होता तो एवढ्यासाठी. सासूची सेवा वगैरे काही मनात नव्हतं.

आधी फरशी घातली होती. काळी माती पावसात फुगली आणि तिनं फरशी उचलून टाकली. मग आमच्या मालकांनी नव्या साखर कारखान्यात साहेबाच्या बंगल्यापुढं फळ्यांचा ओटा पाहिला.

"सागाचा करायचा. रंगूनच्या सागाचा," ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"येक रंगू आणल्यास घरात, ती पुरं हाय," आत्याबाई माझ्या नावानं आतून म्हणाल्या. "आन रंगून कशाला? सरणाचंच लाकूड आणून अंथर. माजं बसून झालं की त्येच रचा."

बाजाराच्या दिवशी गाडी जुंपून आम्ही बारामतीला बादशाहभाईंच्या लाकडाच्या वखारीत गेलो. त्यांनी तेल पुसलेली चकचकीत सागाची फळी पुढं केली.

"मोहनराव, तुमचा नातू हिच्यावर बसून म्हातारा हुईल."

मी फळीची कड पाहिली. निम्मी पांढरी. टिकतो तो गाभा, पांढऱ्यात किडा शिरतो, हे आमच्या नांगरालाही ठाऊक आहे.

"भाऊ, नातवाच्या आधी भुंगाच म्हातारा हुईल की हिच्यात," मी म्हणाले. मालकांनी डोळे वटारले.

वखारीच्या फाटकात चिखलावर एक काळपट फळी टाकलेली होती. तिच्यावरून भरल्या गाड्या जात होत्या, बैल जात होते, आणि जाता जाता बैल जे करतात तेही तिच्यावरच करत होते. फळी कुठं पिचली नव्हती.

"ही कशाची?"

"ती व्हय? ऐनाच्या झाडाची. इकायची न्हाय, वयनी. माज्या बापानं टाकल्याली हाय."

"मग ह्योच माल दावा."

बादशाहभाई हसले आणि सागाची फळी परत भिंतीला लावली. मालकांचं तोंड पडलं.

"लोक इचारतील, साग हाय का. काय सांगू?"

"आईला इचारा म्हणावं. फुडं कोण इचारतंय?"

ऐन आला तोही ऐन पावसात. लाकूड फुगतं, म्हणून फळ्यांत बोटभर फट ठेवा, असं बादशाहभाईंनी बजावलं होतं. मालकांना ते दरिद्रीपणाचं वाटलं, पण ठेवली.

आत्याबाईंना दोघांनी धरून बाहेर बसवलं. त्यांनी काठी आपटून पाहिली, आणि मशेरीची पिंक नेमकी फटीतून खाली सोडली.

"येवडी फट तेवडी झ्याक ठिवलीस, मव्हन्या."

तेवढ्यात रस्त्यानं गावातला गेणू आला.

"मुडद्या, इतकं दिस कुठं मेला व्हतास?" आत्याबाई कडाडल्या. गेणू चिखलातच थांबला, तोंडभर हसला आणि पुढं जाऊन चार घरं सांगत सुटला, म्हातारी बाहेर आलीय म्हणून. मग येईल त्याच्या पदरात त्या शिव्या टाकू लागल्या.

मी आत जोंधळे निवडत बसले. घर अगदी गप्प झालं होतं. पावसाळाभर मी याच शांततेची वाट पाहत होते. आता मिळाली, तर मला मेलं करमेना. सारखं वाटत होतं, आतल्या अंधारातून कुणीतरी आपल्याला नावं ठेवायला हवीत.

"रंगे, मेलीस का आत?" बाहेरून हाक आली. "ये हितं. येकटी किती जणांस्नी पुरी पडू?"

मी सूप टाकलं आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी मशेरीची डबी माझ्याकडं सरकवली. लांबून छत्री सावरत झुंबर सावकार येत होता.

"ह्याला तू घाल," आत्याबाई म्हणाल्या.