माझ्या पोटातला नारळ

मी एक जुना पंप आहे, पण पाण्याचा नाही हं! विहिरीवरच्या त्या गळक्या भावाशी माझं नाव जोडू नका, मला राग येतो. मी तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक पंप. वराळे फाट्याजवळ आदिनाथचं गॅरेज आहे. तिथल्या दोन खांबांच्या लिफ्टला मी लटकलेलो असतो. बटण दाबलं की टाकीतलं तेल ओढायचं आणि जोरात पुढे ढकलायचं, एवढंच माझं काम. पण त्या जोरावर अख्खी गाडी माणसाच्या डोक्यावर जाते, मित्रांनो! बटण सोडलं की माझ्यातली एक चिमुकली झडप तेलाची वाट अडवून बसते. म्हणून गाडी वरच राहते, आणि खाली माणूस काम करतो.

तो माणूस म्हणजे राजमहंमद मिस्त्री. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडीच्या पोटाखाली उभं राहून गाणं गुणगुणत नट आवळणारा असा माणूस अख्ख्या मावळात नसेल.

मला बनवलं त्या कारखान्यात माणसं हातमोजे घालून मला हात लावायची. माझ्या पोटातल्या चाकांचे दात इतके नेमके बसवले की मध्ये केससुद्धा शिरू नये. अशा लाडात वाढलेला मी वराळ्यात आलो. इथं पहिल्याच दिवशी कपाळाला कुंकू लागलं. तेही आवडलं, खोटं कशाला बोलू?

मग काय, लोणावळ्याहून चिक्की घेऊन परतणाऱ्या गाड्या उचलल्या, नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपन्यांतल्या साहेबांच्या उचलल्या. कुणी मला उगाच लाथ मारली, तर त्याच्या पांढऱ्या शर्टावर तेलाचा एक थेंब टाकायचो. नेम माझा पक्का. "काय झक्कास पंप आहे!" असं लोक म्हणायचे, तेव्हा मी जरा जास्तच ऐटीत घुमायचो.

आदिनाथचा माझ्यावर भारी जीव. दर दसऱ्याला तो मला पाण्यानं धुवायचा, झेंडूची माळ घालायचा, निळा रंग फासायचा. त्या रंगात तेल बघायची काचसुद्धा बुजून गेली. माझं टोपण कधीचं हरवलं होतं, तिथं चिंधीचा बोळा कोंबलेला. आणि शेवटी, मित्रांनो, माझ्याच डोक्यावर नारळ फोडायचा! पाणी बोळ्यातून थेट पोटात. चाचाही कमी नव्हते. माझं तेल कमी झालं की गाडीतून काढलेलं जुनं काळं तेल माझ्यात ओतायचे. "वाया कशाला घालवायचं?"

मी ओरडून सांगत होतो. घशात खडे घोळवल्यासारखा माझा आवाज यायला लागला. आदिनाथनं काय केलं? रेडिओ मोठा केला.

मग एका दुपारी व्हायचं तेच झालं. दसरा तोंडावर आला होता. शाळेची व्हॅन वर होती आणि चाचा खाली. खांबाला लोखंडी लॉक असतं. ते लावलं की मी झोपलो तरी गाडी खाली येत नाही. पण दोन मिनिटांचं काम म्हणून चाचांनी ते लावलंच नव्हतं. माझ्या झडपेत कचरा अडकला होता. तिला वाट नीट अडवता येईना. तेल मागे झिरपायला लागलं आणि व्हॅन हळूहळू खाली आली. चाचांच्या टोपीला टेकली, तेव्हा त्यांचं गाणं थांबलं. ते वाकून बाहेर आले. चेहरा पांढराफटक.

आदिनाथ माझ्याकडे बघून म्हणाला, "काढा ह्याला. उद्या नवा पंप आणू, हा जाऊ दे भंगारात. माझा माणूस खाली आसतो."

मला वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं असं नाही म्हणवत.

व्हॅन उतरवून चाचांनी माझं तेल बादलीत सोडलं. तेवढ्यात आदिनाथची आई, झुंबरबाई, जेवणाचा डबा घेऊन आली. बादलीत डोकावली.

"आरं, ताक हितं कुणी वतलं?"

"आये, ताक न्हाई, तेल हाय ते."

"तेल आसं पांढरं आसतंय व्हय? पाणी घुसळलंय त्यात."

चाचांनी टाकीतली जाळी काढली. तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि नारळाच्या शेंड्या! चाचांना हसू फुटलं. "भाऊ, सगळ्या दसऱ्यांचा परसाद हितं जमा झालाय."

"आन् हा काळा गाळ वो, चाचा? त्यो बी देवानंच वतला का?" आदिनाथनं विचारलं.

चाचा खाली मान घालून जाळी झटकायला लागले.

झुंबरबाईनं पदर खोचला. "एकानं पाणी पाजलं, दुसऱ्यानं उष्टं चारलं. आन् भंगारात ह्यो जाणार? वा रं न्याय!"

मग माझी टाकी धुतली, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसली. झडपेतला कचरा निघाला. नवी जाळी, नवं टोपण, बंद डब्यातलं माझं स्वतःचं तेल. काचेवरचा रंग खरवडला. रिकामी लिफ्ट वरखाली करून पोटातली हवाही काढली. घसा एकदम मोकळा!

"पण चाचा, मला इस्वास न्हाई," आदिनाथ म्हणाला.

झुंबरबाईनं फळीवरचा पूजेचा नारळ उचलला. "वर घ्या गाडी. लॉक लावू नगा आन् खाली कुणी जाऊ नगा. लिफ्टच्या हाताखाली पिंप ठेवा, त्यावर ह्यो नारळ. जेवून येऊ. नारळ फुटला, तर जाऊ दे ह्याला भंगारात."

लिफ्टचा लोखंडी हात आणि नारळ यांच्यामध्ये बोटभर फट. वर व्हॅन. भाकरी मोडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी झडप आवळून धरली. ती माणसं इतकं सावकाश का जेवत होती, कोण जाणे!

शेवटी चाचा आले. त्यांनी फटीत बोट घालून बघितलं. अगदी तेवढीच फट. नारळ जसाच्या तसा.

आदिनाथनं नारळ उचलला आणि सवयीनं माझ्या डोक्यावर नेला.

"आदिनाथ!" झुंबरबाई आणि चाचा एकदम ओरडले.

तेव्हापासून नारळ गॅरेजच्या पायरीवर फुटतो. मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, आम्हालाही मिरवायला आवडतं. पण रोज तेल बघा, टोपण घट्ट लावा आणि आवाज बदलला तर रेडिओ बंद करून आमचं ऐका.

त्या दिवशी चाचांनी खोबऱ्याचा तुकडा गालात ठेवला, खडाक्‌कन लॉक लावलं आणि ते व्हॅनखाली गेले. थोड्या वेळानं गाणं पुन्हा सुरू झालं. मी अगदी गप्प राहून ते ऐकलं.